एका पाकटाची दोन नावं

"अजून वेळ आहे," संपादक तिला म्हणाले. "एक शब्द बदला, तुमच्या वडिलांनी दिलेलं नाव कायमचं राहील."

टेबलावर दोन बरण्या होत्या. एकीत तळहाताएवढा पाकट मासा, पाठभर काटे. दुसरीत त्याच्या दुप्पट, अगदी गुळगुळीत. किनाऱ्याजवळच्या चिखलात दोघं शेजारी राहतात. इतकी वर्षं त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. काटेरीचं वर्णन तिच्या वडिलांनी केलं आणि नाव ठेवलं 'एकिनाटा', म्हणजे काटेरी. गुळगुळीतचं दुसऱ्या संस्थेतल्या एका बाईंनी. त्यांनी दिलेलं नाव 'ग्लॅब्रा', म्हणजे गुळगुळीत. जाण्याआधी वडिलांनीच दाखवून दिलं, की एक नर आहे आणि दुसरी त्याच जातीची मादी.

म्हणजे एक नाव गळणार. नियमाने आधीचं टिकतं, पण दोन्ही एकाच दिवशी छापून आली होती. अशा वेळी दोन्ही समोर ठेवून जो पहिल्यांदा निवडेल, त्याची निवड जगाला मान्य करावी लागते. वडिलांच्या शेवटच्या लेखात निवड होती 'ग्लॅब्रा'. लेख मुलीने पुरा केला होता.

"काटेरी नराला जगभर गुळगुळीत म्हणायचं?" संपादक म्हणाले.

"बाबा या विनोदावर आठवडाभर हसत होते."

संपादकांना हसू आलं नाही. "मी त्यांचे लेख वाचून पाकट ओळखायला शिकलो, ताई. आणि त्या बाई! प्रत्येक लेखाची साल काढली त्यांनी. एकदाही सोडलं नाही."

"माहितीये. आमच्याकडे जेवताना तोच विषय."

"राग नाही येत?"

"त्यांच्या धाकाने बाबांनी कधी कच्चं लिहिलं नाही. म्हणायचे, आपलं इतकं बारकाईने वाचणारं माणूस मिळायला नशीब लागतं. दवाखान्यात लेखाचा शेवट सांगताना म्हणाले, आभार मानायचे राहून गेलेत, ते असे मानू."

"हे त्यांचं झालं. तुमचं काय?"

तिने काटेरी पाकटाची बरणी जवळ ओढली. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं आडनाव लागतं. समुद्रात आमचा एक मासा आहे, असं ती शाळेत मैत्रिणींना ऐटीत सांगायची. आता बाबांच्या आडनावाचा मासा कुठेच उरणार नव्हता.

"राहू दे तसंच," ती म्हणाली.

संपादकांनी निःश्वास टाकून लेख छपाईच्या ट्रेमध्ये ठेवला.

"बाईंना एक प्रत पाठवायला हवी. हयात आहेत ना?"

"आहेत."

"संस्थेतून तर केव्हाच निवृत्त झाल्या. पत्ता मिळेल कुठे?"

"आमच्याच घरचा लिहा," ती म्हणाली. "आईला अजून सांगितलेलं नाही."