चार महिन्यांचा नेम

“रुखमे, लाईन चालल्याबिगर डायरीत सही कराची नसते,” असं म्हणत रुखमाचे नवरे, रेल्वेतले गँगमन देवराव, भर तापात उठायचे आणि हातोडा घेऊन रूळ तपासायला निघायचे.

आता देवराव नाहीत आणि रूळही नाहीत. त्या छोट्या लाईनीच्या जागी सरकारनं जंगलातून फिरायची वाट केली आहे. तिचा चौकीदार इस्तारी, वाटेवर फिरायला येणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टर घेऊन रुखमाच्या दारी आला.

“वहिनी, पावसाळ्यात तिकडं कुत्रं फिरकत नाई. पानं कोरी राह्यली तर सरकार वाटेचा निधी बंद करते म्हणते, अन् माही नोकरी जाते. रोजची एक सही घरूनच ठोकून द्या न!”

“खोटी सही माह्याच्यानं होत नाई, भाऊजी.”

“देव काय रजिस्टर पाहाले येते काय?”

रुखमा हसली. “एकही पान कोरं राहणार नाई. जा तुमी.”

एकादशीला देवळात बायका चातुर्मासाचे नेम सांगत होत्या. कोणी वांगं सोडलं, कोणी मीठ.

“तुमी काय सोडता, काकू?” प्रेमिलानं विचारलं.

“सकाळचा चहा. चार महिने त्या वेळेले मी घरी नसन.”

दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावून रुखमानं छत्री उघडली आणि ती भरपावसात त्या रिकाम्या वाटेला लागली.