सम्राज्ञीच्या चेहऱ्यावरच्या रेघा

पीटर्सबर्गमधल्या आमच्या छापखान्यात सम्राटांच्या कोरीव चित्रांच्या तांब्याच्या प्लेटा शाई लावल्यावर अजून उघड्या तळहातानेच पुसतात. शाई फक्त कोरलेल्या रेघांत उरते.

आज सम्राज्ञीच्या सातव्या ठशात तिच्या गालावर नवी रेघ दिसली. अकराव्या ठशात गालावर तीन होत्या, कपाळावर एक.

"बाईसाहेब म्हाताऱ्या व्हायला लागल्या," माझ्याबरोबर प्लेटा पुसणारे झखार इलिच हसले.

मी प्लेटेवर भिंग धरलं. रेघा तांब्यातच होत्या. गालावरची मोठी रेघ आयुष्यरेषेसारखी वळली होती.

"तुमचा हात दाखवा."

"भविष्य सांगतेस का, पोरी?"

शाई पुसून त्यांनी तळहात उघडला. त्यावर एकही रेघ नव्हती.

त्यांनी माझ्याकडून भिंग घेतलं आणि प्लेटेवर वाकले.

"कपाळावरची माझी नाही," ते पुटपुटले. "सकाळी प्लेट तूच पुसलीस ना?"

मी मूठ उघडली नाही.