उजवीकडचा स्पीकर

"उजवीकडचा अजून वाजत नाही रे," अण्णा खुर्चीतून मुलाला म्हणाले.

सुधन्वा पुन्हा टीव्हीमागे शिरला. होम थिएटरच्या नव्या रिसीव्हरने सकाळपासून त्याचा पिट्ट्या पाडला होता. वायरी उलटसुलट करून झाल्या, कंबरेचा काटा ढिला झाला. वैतागून त्याने उजव्या स्पीकरलाच कान लावला. तो खणखणीत वाजत होता.

"आता?" अण्णांच्या उजव्या खांद्यामागून त्याने विचारलं. अण्णांनी मानही वळवली नाही. त्याने आणखी मोठ्याने विचारलं. ते टीव्हीच बघत राहिले.

तो दमून खाली टेकला. मग समोर येऊन म्हणाला, "स्पीकरच बिघडलेला निघाला, अण्णा. परत करतो."

अण्णांनी डावीकडची खुर्ची थोपटली. "नको. स्पीकर चांगला आहे. तू आजपासून इकडे बसत जा."