सशांचे डावे डोळे

“बाईसाहेब, धरलाय घट्ट. बघा लवकर, हा पठ्ठ्या लाथा फार झाडतो,” ससा कवेत घेऊन प्रयोगशाळेतले मदतनीस आबा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सशाच्या डाव्या डोळ्यात विजेरीचा झोत सोडला. आत सगळं गढूळ. आधीच्या सशांचंही तेच. उजवा डोळा लख्ख, डावा सुजलेला.

प्रत्येक सशाच्या एका डोळ्यात नवं औषध टोचलं होतं, दुसऱ्यात बाजारातलं जुनं. कुठल्या डोळ्यात कुठलं, हे तपासणाऱ्याला सांगायचं नाही, असा प्रयोगशाळेचा दंडकच होता. पण यात न कळण्यासारखं काय होतं? जुनं औषध माणसं वर्षानुवर्षं टोचून घेतायत. बाईंची आईसुद्धा. घोटाळा नव्याचाच असणार.

आणि आईची सगळी भिस्त त्या नव्यावरच. तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याला जुनं औषध पुरेनासं झालेलं. सशांवर निभावलं, तर माणसांवरच्या चाचणीत तिचा नंबर लागणार होता. परवाच म्हणाली होती, “तुझा चेहरा विसरायच्या आत आण गं बाई ते औषध!”

“काय लिहू?” आबांनी विचारलं.

बाईंनी आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. आज मात्र जीभ जड झाली. सुई टोचल्यावर थोडं गढूळ व्हायचंच की, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लाज वाटली, पण घातली.

“दोन्ही डोळे स्वच्छ. सगळ्यांचेच.”

आबांनी एकदा सशाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि सांगितलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या भावाचा फोन आला. “अगं, इतके दिवस औषध नाही म्हणत होते, आज इस्पितळानं आपणहून बोलावलं. आईचं रखडलेलं इंजेक्शन झालं एकदाचं. जुनंच, पण नवं येईपर्यंत डोळा तग धरेल.”

“बरं झालं, दादा. माझा जीव टांगणीला लागला होता.”

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. स्वारी भलतीच खुशीत होती.

“बाई, जिंकलो! नवं औषध निर्धोक. उजव्या डोळ्यात होतं ते.”

“उजव्या?” बाईंनी विचारलं. “मग डाव्यात?”

“जुनं. त्याच्या ताज्या साठ्याबद्दल इस्पितळाला शंका होती, म्हणून मुद्दाम त्यातलंच मागवलं होतं. तुम्ही स्वच्छ म्हणालात, तसं कालच कळवून टाकलं त्यांना. सकाळपासून टोचायला लागलेसुद्धा.”