कोरा रकाना

प्रज्ञेशने तिसऱ्यांदा तपासलं, तरी उत्तर तेच. त्याच्या सॉफ्टवेअरने पायलला सुचवलेलं स्थळ तिच्या एकाही अटीत बसत नव्हतं. आणि त्याच स्थळाला होकार द्यायला ती अर्ध्या तासात येणार होती.

शालनताई खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्या आणि घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर केंद्र काढून बसल्या. त्यांची पद्धत साधी. फॉर्म भरून घ्यायचा, आणि जुळणारं स्थळ निघालं की दोघांना एकमेकांचं नाव, फोटो, फोन नंबर द्यायचा. बाकीचं त्यांचं त्यांनी विचारावं, तेवढंच बोलणं होतं, असं त्या सगळ्यांना सांगत. वह्या चाळून चाळून डोळे दुखायला लागले तेव्हा त्यांनी शेजारच्या प्रज्ञेशला कामाला लावलं. तो आयटीतला. सर्चचा भाग स्वतः लिहीत बसतो कशाला? इंटरनेटवरची एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोड, उचलली आणि दिली जोडून. नेमकं तिच्यातलंच एक फंक्शन दगा देत होतं. फॉर्ममधला एक जरी रकाना कोरा राहिला, तरी ते भरलेले रकानेही कोरे समजायचं आणि केंद्रातल्या झाडून सगळ्या मुलांची यादी पुढे करायचं.

आता फॉर्म कोण अर्धवट ठेवतो? 'इतर अपेक्षा' या शेवटच्या रकान्यात सगळे 'निर्व्यसनी' लिहून मोकळे होत. पायलने तेवढाच सोडला होता. वरचे मात्र ठासून भरलेले: सरकारी नोकरी, स्वतःचा फ्लॅट, उंची किमान पाच फूट आठ इंच. या अटींपायी तीन वर्षांत तिचं एकही स्थळ जुळलं नव्हतं. आणि आता यादीत पहिलं नाव आलं रतनचं. बुधवार पेठेत स्पीकर दुरुस्त करतो, भाड्याच्या खोलीत राहतो, उंची पाच-चार. शालनताईंनी संगणकावर विश्वास ठेवून नंबर देऊनही टाकला होता.

"तू गप्प बसायचं," शालनताई पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाल्या. "चार वेळा भेटलेत दोघं. किती वर्षांनी पोरीच्या तोंडावर हसू दिसतंय."

"ताई, ती माझ्या भरवशावर हो म्हणतेय. कॉम्प्युटरने जुळवलंय म्हटल्यावर ती कशाला काय विचारेल?"

"उद्या विचारेल. उद्याचं उद्या बघू."

प्रज्ञेशला ते पटेना. कुणाचं तरी आख्खं आयुष्य आपल्या चुकीवर उभं राहायचं, हे काही त्याला चालणार नव्हतं. पायल आली, खुर्चीत टेकली, शालनताईंनी पोह्यांची बशी हातात दिली, आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. लायब्ररी, फंक्शन, कोरा रकाना, सगळं. शालनताईंनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे रतनला सरकारी नोकरी नाही," तो म्हणाला. "फ्लॅट नाही. उंचीसुद्धा कमी आहे. चूक माझी आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

पायलने घास संपवला.

"अहो, उंची बघायला सॉफ्टवेअर लागतं का?" ती म्हणाली. "पहिल्या भेटीत तो शेजारी उभा राहिला तेव्हाच कळलं. नोकरीचं आणि खोलीचं त्यानेच चहा यायच्या आत सांगितलं. घरी जाताना मी तुम्हाला फोन लावणार होते, की तुमच्या सर्चमध्ये काहीतरी गडबड आहे म्हणून."

"मग लावला का नाहीत?"

पायलने बशीतलं लिंबू पिळलं.

"तुम्ही लगेच दुरुस्त केलं असतं."