‘तू’ म्हटल्याचा खटला

“आरोपी नेमकं काय बोलला?” न्यायाधीशांनी विचारलं.

“‘तू’ म्हणाला, साहेब,” हवालदार छाती काढून म्हणाला. “‘तू कोण मला उठवणारा?’ असं. भर रस्त्यात, चार लोकांदेखत.”

“शिवी दिली?”

“नाही. पण वर्दीला तू म्हणजे...”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आरोपीच्या पिंजऱ्यातला चावीवाला मात्र ताठ उभा होता. दोन वर्षांपूर्वी तो फुटपाथवर पेटी मांडून एका कुलपाशी झटत बसला होता. हवालदाराने पेटीला लाथ घातली आणि म्हणाला, “ऊठ रे!” चावीवाल्याने उत्तर दिलं, त्याच मापाचं. हवालदाराने त्याच्या डाव्या कानाखाली जाळ काढला. “कुणाशी बोलतोयस, कळतं का? साहेब म्हण!” तो म्हणाला नाही. माणूस ताठ कण्याचा, यात वादच नाही. वर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्यावरच लागला.

डावा कान गेला तो गेलाच. कुलपाच्या धंद्यात हातापेक्षा कान मोठा. आत खट् झालेलं ऐकू यावं लागतं. तेव्हापासून बायको पेटीशी बसायची, कुलपाला स्वतःचा कान लावायची आणि त्याच्या उजव्या बाजूने सांगायची, “अहो, झालं खट्.” तारखांनाही तीच बरोबर. माफी मागून मोकळा हो, असं सगळे म्हणाले. ती एकदाही म्हणाली नाही. सजा झाली असती तर बसायचा परवाना जाणार होता, म्हणजे घरची चूल बंद.

निकाल चार ओळींचा निघाला. पोलिसाला तू म्हणणं उद्धटपणा असेल, गुन्हा नाही. आरोपी निर्दोष. शेवटचा शब्द त्याला नीट ऐकू आला नाही. बायकोने तो उजव्या कानात सांगितला, तेव्हा त्याला रडू फुटलं.

संध्याकाळी शेजारी घरी जमले. किती सांगू आणि काय सांगू, असं त्याला झालं होतं. “माणसाने माणसाला तू म्हटलं तर कुणाचं काय झडतं?” त्याने तीनदा विचारलं. शेजाऱ्यांनी तीनदा माना डोलावल्या. बायको चहाचे पेले घेऊन आली. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आज तिला नवऱ्याची थट्टा सुचली. ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली.

“तू घेतोस ना चहा?”

शेजारी खो खो हसले. मग फाडकन आवाज झाला, तिच्या डाव्या कानाखाली. पेले फरशीवर फुटले.

“कुणाशी बोलतेयस, कळतं का?”

शेजारी आपापल्या चपला शोधू लागले. तिने काचा गोळा केल्या, फरशी पुसली. मग उठून ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि म्हणाली,

“चुकलं, साहेब.”