आत्यांची चटणी

चैतालीने जुन्या ॲपमधल्या पाककृतींच्या सगळ्या नोंदी नव्या ॲपमध्ये हलवल्या आणि खुशीत शेंगदाणे भाजायला ठेवले. मागच्या वर्षी वारलेल्या सासूबाईंनी, ती आत्या म्हणायची त्या केसरबाईंनी, सांगितलेली शेंगाचटणीची कृती आवाजासकट नीट आली का, तेवढं बघायचं होतं. बाहेरच्या खोलीत बसून तिने ती फोनवर लावली.

"मिक्सर नगं, उखळातच कूट. झालं, आता बंद कर ते." तोच ठसका! चैताली हसली. रेकॉर्डिंग इथंच संपायचं.

आज ते संपलं नाही.

"पिवळा ड्रेस लई शोभतोय की!"

चैतालीने अंगावरच्या कोऱ्या पिवळ्या ड्रेसकडे पाहिलं.

"बघत काय बसलीस? शेंगदाणे करपाय लागले."

खरंच वास आला. ती स्वयंपाकघराकडे धावली.

"पळू नगं," मागून फोन खुदकन हसला, "केला मी गॅस बारीक."